उलट्या दिशेचा मुक्काम

कराडच्या त्या दुकानात हेमलता ढेबेनं दोन तास ठाण मांडलं आणि दुकानदाराला घाम फोडला. बाकीची गिऱ्हाइकं वेग विचारतात, हप्ता विचारतात. ही बाई फिरून फिरून एकच विचारत होती, की ही थाळी माझ्याबद्दल कुणाला काय सांगणार?

थाळी म्हणजे उपग्रहावरून इंटरनेट आणणारी अँटेना. टेबलावर तिचे तीन प्रकार मांडले होते. सगळ्यात लहान पिशवीत मावणारी. वीज कमी खायची, पण मुक्कामाला पोचल्यावर उघड्या आभाळाखाली मांडावी लागायची. दुसरी पायावर उभी राहणारी, वाऱ्यात पडणारी. तिसरी म्हणजे काळीभोर सपाट पाटी, गाडीच्या टपावर कायमची ठोकून टाकायची. ऐंशीच्या वेगातही तिचं कनेक्शन तुटत नसे, मात्र तिच्यासाठी टपावर सौरऊर्जेचे आणखी दोन पत्रे आणि एक जादा बॅटरी हवी होती.

"उपग्रह पळतात, गाडी पळते, मग ही जागची न हलता त्यांना धरती कशी?" हेमलतानं विचारलं.

दुकानदाराला निदान हा प्रश्न आवडला. "हिच्या पोटात हजारभर बारीक अँटेना आहेत, ताई. सगळ्या एकदम बोलल्या तर झोत सरळ वर जातो. एका बाजूच्या जराशा उशिरा बोलल्या की झोत तिकडं कलतो. पाटी हलत नाही, झोत हलतो. एक उपग्रह मावळला की दुसऱ्यावर उडी."

मग प्लॅन. थांबल्यावरच चालणारा एक. कुठंही, कधीही चालणारा दुसरा, खिसा फाडणारा. आणि 'सोबत' नावाचा तिसरा, त्याच्या निम्म्या दरात. त्याच्या अटी दोनच होत्या. टपावरची पाटी कायम चालू ठेवायची आणि पुढचा मुक्काम दहा दिवस आधी भरायचा.

"का भरायचा?"

"वरून येणारा एक झोत वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यावर पडतो. तेवढ्या पट्ट्यात जागा मोजक्या. रेल्वेचं रिझर्वेशन समजा."

"आन् न्हाई गेले तिथं तर?"

"तर काही नाही. जिथं असाल तिथं थोडं हळू चालेल."

"माझं नाव कुणाला देणार?"

"नाव-गाव, फोन नंबर काही म्हणजे काही कंपनीबाहेर जात नाही. सिग्नलची माहिती तेवढी जाते, नाव काढून. हे बघा, लिहिलंय."

तिनं तो मजकूर बोट ठेवून दोनदा वाचला. संशयी स्वभाव खराच, पण तो दोष तिच्या एकटीचा नव्हता. धंद्यानंच तो अंगाला लावला होता.

हेमलता मधपाळ होती. महाबळेश्वराच्या पलीकडच्या डोंगरातली. घरच्या एकशे चाळीस पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि वर्षातले आठ महिने फुलोऱ्याच्या मागं हिंडायचं: दिवाळीत कारळ, थंडीत ओवा, मग धने, मग कांद्याचं बियाणं, उन्हाळ्यात करंज. जुन्या टेम्पोची तिनं कॅम्पर करून घेतली होती. दोन बाक, एक शेगडी, पाण्याची टाकी. इंटरनेट हवं होतं ते पेट्यांसाठी. पेटीखाली आता वजन आणि झाकणात उष्णता मोजणारी चकती असे. कुठल्या पेटीत मध भरतोय, कुठली भुकेली आहे, ते बसल्या जागी कळे. पण माळरानावर मोबाइलचा टॉवर नसला की त्या चकत्या मुक्या व्हायच्या.

या धंद्यात पुढचा मुक्काम विचारायचा नसतो, आणि कुणी विचारलाच तर खरा सांगायचा नसतो. चांगल्या फुलोऱ्यावर दुप्पट पेट्या येऊन पडल्या की कुणाच्याच माश्यांचं पोट भरत नाही. खोटं बोलण्याचीही रीत ठरलेली होती. नुसतं टाळायचं नाही, उलट्या दिशेचं गाव सांगायचं. हेमलताचा नवरा सदाशिव तर इतका पक्का, की इंजिन सुरू झाल्याशिवाय सख्ख्या भावालाही दिशा सांगत नसे. तो गेल्यावर पाच वर्षांत हेमलतानं एवढीच सवलत दिली होती, की धाकट्या दिराला, जिजाबाला, आठवडाभर आधी कानात सांगायचं. ट्रक ठरवायचं काम त्याचं होतं.

शेवटी तिनं 'सोबत' घेतला. फॉर्मवर 'पुढचा मुक्काम' असं आलं तेव्हा बेधडक निपाणी लिहिलं. निघायचं होतं वर अकोले तालुक्याच्या डोंगरात, कारळाला. दुकानाबाहेर पडताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढी आभाळाएवढी कंपनी, पण तिलाही चकवलं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. चकत्या बोलू लागल्या, पाटीनं कुठं दगा दिला नाही. दुसऱ्या वर्षी पौषात ती शहाद्याकडं ओव्यावर पोचली, तर बांधाला निळ्या पेट्या लागलेल्या. चारशे तरी असतील. एका मोठ्या मध कंपनीच्या त्या पेट्या आणि त्यांचा पाटणकर नावाचा मॅनेजर, पांढऱ्या बुटातला, छत्रीखाली बसलेला.

"या ताई. आम्हाला तीन दिवस झाले."

हेमलतानं कपाळाला हात लावला. ही जागा सदाशिवनं हुडकलेली. रस्त्यावरून ती दिसतसुद्धा नाही.

"इथून पुढं कुठं?" पाटणकरनं सहज विचारलं.

"वरच्या अंगाला, हद्दीपल्याड," ती म्हणाली. पाटणकर गालात हसला. ते हसू तिला आवडलं नाही, पण तेव्हा अर्थ लागला नाही.

आठ दिवसांत लुटालूट सुरू झाली. फुलात रस पुरेना, तेव्हा ताकदवान पेट्यांतल्या माश्या दुबळ्या पेट्यांत घुसून मध ओरबाडू लागल्या. दारात मेलेल्या माश्यांचा थर साचला. अकरा पेट्या गेल्या. हेमलतानं साखरेचा पाक करून बाकीच्या कशाबशा तगवल्या आणि पाटोद्याकडं धने-कोथिंबिरीच्या शेतांवर मुक्काम हलवला. तिथंही निळ्या पेट्या तिच्या आधी हजर होत्या.

एकदा योगायोग म्हणता येतो. दोनदा झाल्यावर हेमलता माणसं मोजायला लागली. मोजायला फार नव्हती. मुक्काम ठाऊक असणारं माणूस एकच होतं.

जिजाबा अलीकडे फोन घेऊन लांब जायचा, हे तिच्या ध्यानात आलं होतंच. आता ती त्याच्यावर पाळतच ठेवू लागली. तो लिंबाच्या झाडामागं उभा राहून हळू आवाजात बोलायचा. ती जवळ गेली की "ठेवतो" म्हणायचा. एकदा तो बोलताना चक्क लाजला. चोर लाजतो का, हा विचार खरं तर तिच्या मनात यायला हवा होता. पण डोक्यात एकदा किडा शिरला की माणसाला हवं तेवढंच दिसतं.

"भावजी, कुणाशी बोलता वो एवढं?" तिनं दुपारी जेवताना विचारलं.

"असंच. वळखीचं हायेत."

"त्या पांढऱ्या बुटाच्या वळखीचं का?"

जिजाबाचा हात ताटातच थांबला. पन्नाशीला आलेला, बायको जाऊन सात वर्षं झालेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस.

"वहिनी, काय म्हनायचंय ते सरळ म्हना."

"मुक्काम तुमाला सांगते आन् गाड्या त्यांच्या येत्यात. आणिक काय सरळ म्हनू?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "दादा गेल्यावर मी एक पेटी बी माझी म्हनली न्हाई. आज म्हनतो. माझ्या वाट्याच्या पन्नास द्या. मी माझ्या वाटंनं जातो."

तिला वाटलं, खरा असता तर भांडला असता. मुकाट निघाला म्हणजे पाणी मुरतंय. दुसऱ्या दिवशी त्यानं पन्नास पेट्या ट्रकवर चढवल्या. जाताना कॅम्परच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, ती भरून घ्या, एवढंच बोलला. ट्रक वळणाआड गेला तेव्हा हेमलताला बरं वाटलं. काटा निघाला, आता ठणका थांबेल, अशी तिची समजूत झाली.

पुढचा मुक्काम तिनं कुणालाच सांगितला नाही. सिंदखेडराजाकडं कांद्याचं बियाणं पिकवणारे एक शेतकरी दरवर्षी तिची वाट पाहत. ट्रकवाल्यालाही तिनं निघाल्यावर रस्ता दाखवला. पुण्यात टेलिकॉमच्या नोकरीत असलेल्या मुलीला, समृद्धीला, फोनवरसुद्धा बोलली नाही. 'सोबत'साठी गाडीतल्या पडद्यावर तेवढं नेहमीप्रमाणं भरलं: अक्कलकोट. जायचं वर, तर गाव खालचं.

कांद्याचे पांढरे गोंडे लांबूनच दिसले. आणि त्यांच्या कडेनं निळी रांग. माणसं अजून पेट्या उतरवत होती.

हेमलता गाडीतून खाली उतरली नाही. जिजाबाला हे ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं जगात कुणालाही सांगितलं नव्हतं आणि तरी हे लोक तिच्या आधी येऊन बसले होते. मग हळूहळू तिची मान वर झाली, गाडीच्या टपाकडं.

समृद्धी दोन दिवसांनी एसटीनं आली. आल्याबरोबर तिनं लॅपटॉप उघडला तो दुपारीच मिटला.

"आई, तुझं नाव कुणी विकलं नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता," ती म्हणाली. "नावाची गरजच नव्हती."

"कळंल असं सांग."

"ही पाटी उपग्रहाशी जोडलेली राहायची तर तिला सारखं बघावं लागतं, की कुठल्या दिशेनं सिग्नल किती क्षीण होतोय. झाडाच्या पानात पाणी असतं, आणि पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. म्हणजे गाडी जिथं उभी असेल तिथं चहूबाजूंनी किती हिरवं आहे, किती रस चढलाय, ते पाटीला आपोआप कळतं. अशा हजारो गाड्या आहेत. त्या सगळ्यांचं मिळून एक चित्र बनतं. पण हिरवं तर पुष्कळ असतं. त्यात मध कुठल्या हिरव्यात आहे?"

"ते येंत्राला कसं कळंल? ते वासावर कळतं, उतरून बगावं लागतं."

"तेच. ते यंत्राला कळत नव्हतं, तुला कळतं. तू महिनाभर आधी पाहणीला जातेस. एका शिवारात पाच मिनिटं थांबतेस, दुसऱ्यात दोन तास. पाटी चालूच असते. तुझ्या थांबण्यावरून ते शिकलं. थाळीच्या कंपनीनं त्यावरून फुलोऱ्याचा अंदाज बनवला आणि निळ्या पेटीवाल्यांना विकला."

"पन थांबते मी सतरा ठिकानी. त्यातलं नेमकं कंचं, ते कसं कळलं?"

समृद्धीनं लॅपटॉप पुन्हा उघडला. गिऱ्हाइकांना भुलवायला कंपनीनं काढलेलं माहितीपत्रक होतं. त्यात एका निनावी प्रवाशाचा दाखला दिला होता, मोठ्या अभिमानानं. प्रवासी क्रमांक एक्केचाळीस. भाकीत खरं ठरण्याचं प्रमाण त्र्याण्णव टक्के. खाली टीप: सदर प्रवासी नोंदवलेल्या ठिकाणाच्या नेमक्या विरुद्ध दिशेस जातो.

हेमलतानं ती ओळ वाचली आणि तिचे कान तापले.

"कधी खरं, कधी खोटं लिहिलं असतंस तर ते गोंधळलं असतं," समृद्धी म्हणाली. "तू दीड वर्षात एकदाही खरं लिहिलं नाहीस. त्यामुळं त्याला तुझं खोटं खऱ्यासारखंच उपयोगी पडलं."

जिला आपण शहाणपण समजत होतो, त्या सवयीनंच घर फोडलं होतं. अकरा पेट्यांपेक्षा तिला ताटावर थांबलेला हात आठवत होता. ती मुलीसमोर पदर तोंडाला लावून रडली.

"पाटी काढून टाक," समृद्धी म्हणाली.

"काढली तर काय व्हईल? दीड वर्षाच्या माझ्या सगळ्या जागा त्यांच्याकडं हायेत. मी गप झाले की ते एकेका जागंवर जाऊन बसतील." तिनं डोळे पुसले. "त्यापरीस चालू राहू दे. मला आधी भावजींकडं जायचंय. गाडी हितंच ठेव, तू बस गाडीत. मी एसटीनं जाते."

ट्रकवाल्याकडून पत्ता काढत ती पोचली. पाटणजवळच्या एका वाडीत जिजाबाच्या पेट्या ओढ्याकाठी मांडलेल्या दिसल्या. घराच्या पडवीत एका बाईनं तिला पाणी दिलं. चाळिशीची, नीटनेटकी. शालन तिचं नाव. जिजाबा आतून आला आणि त्या बाईकडं पाहून पाटोद्याचं ते लिंबामागचं लाजणं पुन्हा लाजला. हेमलताला सगळा उलगडा झाला.

"आवो, मग सांगायचं न्हाई का!" ती म्हणाली.

"कसं सांगू? या वयात लगीन करतोय म्हनून तुमीच हसला असता."

"हसले असते. चोर तर म्हनले नसते." तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "भावजी, माझं चुकलं. तुमच्यावर घेतलं ते. दोष माझ्या टपावर बसला हुता."

तिनं सगळं सांगितलं. जिजाबानं ऐकून घेतलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. "आता पुढं?" एवढंच त्यानं विचारलं.

पुढचं तिनं एसटीत ठरवलं होतं. उरलेल्या पेट्यांना आता करंजाचा एक बहर मिळाला नाही, तर पावसाळ्यापर्यंत निम्म्या मरणार होत्या. बालाघाटाच्या डोंगरात करंजाचं एक मोठं बन होतं. एरवी तिथं वैशाखात फुलं येत. यंदा अवकाळी पाऊस पडून गेला आणि बहर महिनाभर आधीच येऊन झडून गेला. हे तिला तिथल्या एका गुराख्याकडून कळलं होतं. पण झाडं नव्या पालवीनं टरारली होती. पाटीला पानातलं पाणी दिसतं, झडलेलं फूल दिसत नाही.

"मी कॅम्पर घेऊन तिथं जाते. पाहनीला जाते तशीच जाते. दोन तास थांबते, खाली उतरते, परत येते. पडद्यावर बुऱ्हाणपूर भरते, म्हंजी ते बरोबर खाली बालाघाटात येतील. सोबत रिकाम्या पेट्या ठेवते. आन् भरलेल्या सगळ्या पेट्या, तुमच्या आन् माझ्या, तुमी न्या."

"कुटं?"

"तुमाला ठावं असंल ती जागा. मी कधी पाय न ठेवलेली."

जिजाबा विचारात पडला. "हाय एक. सांगू का—"

"नगा सांगू," हेमलता घाईनं म्हणाली. "मला कळलं की माझ्या गाडीचं तोंड तिकडं वळंल. माझं चुकून रस्त्याला लागनं, उगंच तिकडच्या फाट्यावर चहाला थांबनं, ते त्याला कळंल. मी काय करते ते माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळतंय. फोन बी करू नका. एकवीस दिवसांनी या."

बोलून झाल्यावर तिनं मनातल्या मनात मोजलं. एकशे एकोणतीस पेट्या. सदाशिवच्या हातच्या. ज्या माणसाला तोंडावर चोर म्हटलं, त्याच्या हवाली, पत्ता न विचारता. आणि त्याला आता संसार मांडायचा होता, घर बांधायचं होतं. त्यानं सगळं विकून टाकलं, तर बोलायला तोंड कुठं होतं?

"बगा वहिनी," जिजाबा म्हणाला. "मागनं पुन्हा म्हनाल."

"म्हनन. माझा सभाव हाय तो. पर तुमी न्या."

पाहणीची फेरी उरकून, पेट्या हवाली केल्यापासून सातव्या दिवशी ती बालाघाटात स्थिरावली. नवव्या दिवशी निळ्या पेट्यांचे ट्रक आले, तिला वाटलं होतं त्याहून जास्त. ते बघून तिला हसू आलं आणि लगेच विरलं. आपले सगळे डाव बिनचूक पडताहेत, याचाच तिला धसका बसला होता. एवढं सरळ सगळं होत असतं का? जिजाबानं हो म्हणायला वेळ का घेतला? शालननं पाणी देताना जिजाबाकडं का बघितलं? अकराव्या दिवशी तिनं पाटीची तार उपसली, शेगडी बांधली आणि किल्ली फिरवली. पाटणला जाऊन एकदा विचारून यावं, बस. इंजिन पाच मिनिटं घुरघुरत राहिलं. मग तिनं ते बंद केलं, खाली उतरली आणि तार पुन्हा जोडली.

तेराव्या दिवशी सकाळी पाटणकर तरातरा आला. पांढरे बूट मातीनं माखले होते. त्याच्या माश्या आपसात लढून मरत होत्या. बनात फूल नव्हतं, हे त्याला चार दिवसांनी कळलं होतं. तिच्या रिकाम्या पेट्यांची झाकणं त्यानं परवानगी न घेता उचकटली.

"बाई, तुमच्या माश्या कुठायत?"

"मला ठावं न्हाई."

"तुमचा दीर कुठाय?"

"ते बी ठावं न्हाई."

"काय सांगता! दीडशे पेट्या आणि मालकिणीला पत्ता नाही? घेऊन पळाला तर?"

हा प्रश्न तिनं तेरा दिवसांत स्वतःला इतक्यांदा विचारला होता, की त्याच्या तोंडून तो ऐकून तिला चीड आली नाही.

"पळंल बी," ती म्हणाली. "मला खरंच ठावं न्हाई वो."

पाटणकर तिच्याकडं टक लावून बघत राहिला आणि मग मोठ्यानं हसला. "मधपाळ तुम्ही. मेलात तरी खरं सांगणार नाही," असं म्हणत तो ट्रककडं वळला. अडीच तपं या धंद्यात काढून हेमलता त्या प्रश्नाला आज पहिल्यांदा खरं बोलली होती. तिनं वीतभर सावलीत बाकडं ओढलं आणि रस्त्याकडं तोंड करून बसली. अजून आठ दिवस होते.